वडनेर मुक्कामी संगणकातल्या बिनकामी पाहुण्यांची हकालपट्टी

श्रियाविराजित राजमान्य राजेश्री गजेंद्रराव व्याही, मुक्काम सोनाळा, यांचे सेवेशी वडनेर भोलजीकर लेखनसेवकाचे साष्टांग दंडवत. विशेष विनंती ऐसीजे. आपण फोनवरून सवाल केला की, आमची लेक चिरंजीव सौभाग्यवती जयमाला इजवर गेल्या सोमवारी काय प्रसंग गुजरला, संगणकाशी कसे युद्ध जाहले, आणि आमचे व्याही उत्तमराव यांनी दारी आलेल्या माणसास आत घेतले नाही ऐशी जी आवई सोनाळ्यापावेतो पोहोचली ती खरी की खोटी, हे बितपशील लिहोन पाठविणे. त्यास, आवई खरी आहे. परंतु खरी गोष्ट दोन वाक्यांत सांगितली म्हणजे ती चुगली होते, याकरिता मुळापासून लिहितो. वाचणाराने चहा घेऊन बसावे, मध्ये उठू नये.

वडनेरास उत्तमराव म्हणून खासे गृहस्थ. वय बासष्ट, मिशा भरघोस, काळी जमीन बारा एकर, त्यात वांगी, मिरची आणि कपाशी. तीर्थरूपांपासून घराण्याचा एक शिरस्ता चालत आला तो ऐसा की, ओसरीवर जो आला त्यास नाही म्हणू नये, कशास आलात ते पुसू नये, आणि कधी जाता हे तर चुकूनही पुसू नये. पाहुणा उठू लागला की 'बसा ना बापा, काय घाई हाय' म्हणावे, आणि तरीही उठलाच तर फाटकापावेतो पोहोचवावयास जाऊन 'या बरं परत' म्हणावे. हा शिरस्ता उत्तमरावांनी ऐसा चोख पाळिला की, एकदा रस्ता चुकलेला खतकंपनीचा एजंट त्यांजकडे चार दिवस राहिला आणि जाताना रडला. त्यांचा खासा कबिला तानुबाई, त्याही रडल्या, परंतु त्यांचे कारण वेगळे होते.

ऐसियास आठ वर्षांमागे पुत्र शेखर याचे शिक्षणानिमित्त मधल्या खोलीत एक संगणक दाखल जाहला. पुढे शेखर मलकापुरास चाकरीस लागला, सकाळी जाऊन संध्याकाळी येऊ लागला, आणि संगणकाची सुभेदारी आपोआप उत्तमरावांकडे आली. त्यांनी तेथे गावातल्या मुलामुलींच्या पत्रिका जुळविण्याचे दप्तर थाटिले, त्या कामी लौकिक मिळविला, आणि खुर्चीवर उशी घातली. आता संगणकाचे मुलखात नानाविध प्रोग्राम हिंडत असतात, ते येताना अदबीने पुसतात की, आम्ही आत येऊ काय, आणि संगणक सुरू होताच आम्हीही आपोआप सुरू होऊ काय. खाली दोन बटने. 'होय' हे निळे, ठळक, हातभर. 'नको' हे फिके, बारीक, कोपऱ्यात चोरासारखे बसलेले. उत्तमरावांस ते फिके बटन पाहूनच शिसारी येई. दारी उभ्या माणसास कोपऱ्यातून नको म्हणणे हे हलक्या घरचे लक्षण, आम्ही ऐसे करीत नाही, म्हणोन त्यांनी आठ वर्षे निळे बटन दाबिले आणि एकासही विन्मुख पाठविले नाही.

मग काय विचारता! हवामान सांगणारा आला; बाहेर ऊन मी म्हणत असता तो पडद्याचे कोपऱ्यातून 'आज ऊन आहे' म्हणोन बातमी देऊ लागला. साफसफाई करणारे तिघे आले. तिघेही दिवसभर एकमेकांस कचरा म्हणत आणि झाडू मात्र कोणी हाती धरीत नसे. लग्नपत्रिका सजविणारा आला, गाणी लावणारा आला, आणि दूरच्या माणसाचे तोंड दाखविणारे चौघे आले, ज्यांपैकी तिघांशी घरातले कोणी कधी बोलले नाही. छपाईयंत्राचा एक कारभारी होता. ते यंत्र तीन वर्षांमागे सुलतानपूरच्या मेहुण्यांस देऊन टाकिले, परंतु कारभारी राहिला, आणि रोज सकाळी उठोन यंत्र कोठे गेले म्हणोन धुंडू लागला. आणि मुदत संपलेला एक पहारेकरी होता. त्याची चाकरी सरून दोन वर्षे जाहली तरी तो दर घटकेस छाती बडवून, तुम्ही धोक्यात आहां, ऐसा आक्रोश करी. हे सारे पडद्याआड बसोन मेमरी खात. मेमरी म्हणजे संगणकाचे शिधाकोठार. ते चार जीबींचे, म्हणजे दोन माणसांचे बिऱ्हाडापुरते, आणि पंगतीस बसले अडतीस.

परिणाम ऐसा जाहला की, संगणकाचे बटन दाबून तानुबाईंनी डाळ शिजत घालावी, फोडणी द्यावी, भाकरी थापाव्या, वाढावे, आणि जेवणाराने हात धुवावे, तेव्हा कोठे पडदा उजळावा. घड्याळ लावून पाहिले तो बावीस मिनिटे भरली. उत्तमराव यास प्रथम वायरीचा दोष म्हणत, मग मोबाइल टॉवरचा म्हणत, मग गावच्या विजेचा म्हणत. आपले पाहुण्यांवर त्यांनी शब्द येऊ दिला नाही.

आता जयमालाबाईंकडे येऊ. आपली लेक गणितात एमएस्सी, हे आपणास काय सांगावे. परंतु वडनेरास सहा वर्षे नांदूनही तिचा आवाज कसा आहे हे कोणास नीट ठाऊक नव्हते, इतकी ती हळू बोले. जेवताना मीठ मागितले तरी तानुबाईंस 'काय म्हनतं वं?' म्हणोन पुनः पुसावे लागे. ऐशा मुलीने, घरबसल्या पोरांस शिकविणाऱ्या एका शाळेने गणितशिक्षिकेची जागा काढिली तेव्हा, कोणास न पुसता अर्ज केला, आणि शाळेने नमुन्याचा तास घेऊन दाखवा म्हणोन बोलाविले. फोनवरून चालणार नाही, फळा लिहून दाखवावा लागतो, संगणकच पाहिजे. पहिले खेपेस संगणक वेळेवर उठला नाही. दुसरे खेपेस उठला, परंतु जयमालाबाईंनी नमस्कार म्हणण्यास तोंड उघडिले आणि पडदा तेथेच थिजला. परीक्षकांनी पाच मिनिटे तिचे उघडे तोंड पाहिले आणि निघोन गेले. मग शाळेचे पत्र आले की, तिसरी संधी शेवटची, सोमवारी सकाळी अकरा वाजता. अकरा वाजून दहा मिनिटांपावेतो दाखल न जाहल्यास अर्ज निकाली काढू. ते पत्र वाचोन ती रात्री जेवली नाही, आणि कोणी कारण पुसले तर काही नाही म्हणाली.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, कार्तिक वद्य षष्ठी, इंदुवार. सकाळी नऊ वाजता बटन दाबिले आणि नऊ बावीसास पडदा उजळला. उजळला खरा, परंतु आतला पंखा मळणीयंत्रासारखा घोंगावू लागला, आणि माऊस उजवीकडे नेला तर बाण जरा विचार करून मग निघे. खुर्चीवर खासे उत्तमराव, पाठीशी जयमालाबाई, आणि दाराचे चौकटीत तानुबाई हाती उलथणे घेऊन. जयमालाबाईंस मागल्या दोन शिकस्तींपासून ठाऊक होते की दोष वायरीचा नव्हे, टॉवरचाही नव्हे. परंतु सासऱ्यांचे पाहुण्यांस सुनेने कसे हात लावावे, या अदबीने ती आजवर गप्प राहिली होती. तिणे भिंतीवरल्या घड्याळाकडे पाहिले आणि हिय्या केला.

"मामाजी, तीन बटनं दाबू का? आत कोन कोन बसून हाय ते दिसते," ती म्हणाली.

"दाब ना. आपल्या घरी लपवाछपवी थोडी हाय," उत्तमराव म्हणाले.

मग तिणे कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिघां सरदारांस एकवट करोन दाबिले, आणि टास्क मॅनेजर नामे हजेरीपट उघडला. त्यात कोण जागे आहे, कोण किती खाते, याची खडान् खडा नोंद. मेमरी शेकडा सत्त्याण्णव खर्ची पडलेली. उत्तमरावांनी चष्मा सारखा केला आणि यादी वरून खाली वाचिली, आणि एकेक नाव ओळखीचे निघू लागले. लग्नपत्रिकावाला, जो शेखरचे लग्नास आला होता, तो अजून आहे! छपाईचा कारभारी आहे! आणि तिघे झाडूवाले सर्वांत जास्ती खात होते! यातला एकही दाराची कडी काढून शिरला नव्हता. प्रत्येकास आपण आपल्या बोटाने या म्हटले, हे त्यांस उमगले आणि मिशा खाली आल्या.

"पाहा!" तानुबाईंनी उलथणे रोखून म्हटले. "मी काय म्हनत होती? तुमच्या पाहुन्यायले उठाचं काई माहीतच नाई. आता संगणकातबी तेच!"

 उत्तमराव पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "माह्याच पाहुन्यायनं पोरीचा दोनदा घात केला. आन् मी वायरीले शिव्या देत होतो." त्यांस मनापासून लाज वाटली, आणि लाज वाटली की माणूस एकतर रडतो नाही तर फर्मान काढतो. त्यांनी फर्मान काढिले की, पत्रिकेचा प्रोग्राम वगळता यच्चयावत् रिकामटेकड्यांस या क्षणी बाहेर काढावे, कोणाची भीड धरू नये, आणि हे काम आम्ही खुद्द करू.

मग एकच हल्ला जाहला. नावावर बोट ठेवावे, 'एंड टास्क' म्हणावे, की असामी गारद. हवामानवाला गेला, गाणीवाला गेला, तोंडे दाखविणाऱ्या चौघांतले तिघे गेले. उत्तमरावांस चेव चढला, आणि चेवाचे भरात त्यांनी एका अनोळखी नावावर बोट ठेविले तो जयमालाबाईंनी त्यांचा हातच धरिला. सहा वर्षांत सुनेने सासऱ्याचा हात धरावा ऐसा प्रसंग आला नव्हता.

"मामाजी, थो आवाजाचा होय! थो गेला तं मी बोलू कशी?"

उत्तमरावांनी बोट ऐसे मागे घेतले जैसे तव्यावरून. मग तह ठरला तो ऐसा की, ओळखीचा असेल त्यावरच वार करावा, नाव कळत नसेल तेथे सुनेस पुसावे, आणि आवाजाचा, छायाचित्राचा आणि खऱ्या पहारेकऱ्याचा असे तीन अंमलदार आहेत त्यांस धक्का लावू नये. हा तह उत्तमरावांनी मानिला.

परंतु गनीम लबाड. तिघां झाडूवाल्यांपैकी थोरल्यास घरातूनच कायमचे काढू म्हणोन उत्तमरावांनी हात घातला, तो त्याने जाता जाता एक अर्ज पुढे केला की, आपण आम्हांस सोडून का जात आहां, आमचे काही चुकले काय, कृपया कळवावे. यावर दुसऱ्या कोणी खिडकी बंद करून टाकिली असती. उत्तमराव वडनेरचे! विचारले आहे तर उत्तर दिले पाहिजे, म्हणोन ते एकेक अक्षर शोधून टंकू लागले, ऐसे की, सप्रेम नमस्कार, आपले वागण्याविषयी तक्रार नाही, घरी सुनेची परीक्षा आहे, जागेची अडचण आहे, राग मानू नये, कळावे. अकरा मिनिटे या पत्रात गेली. जयमालाबाई पाठीमागे उभ्या राहून साडीचा काठ बोटांस गुंडाळीत होत्या आणि सोडवीत होत्या. शेवटी तानुबाईंनी 'अव माय! हा मानूस कचऱ्यालेबी चिठ्ठी लिहून राह्यला!' म्हणोन स्वतः एंटर दाबिले, तेव्हा थोरल्याची बोळवण जाहली.

दहा वाजता हजेरीपटावर मेमरी शेकडा एकेचाळीस. पंखा निवाला, बाण हरणासारखा पळू लागला, आणि उत्तमरावांनी मिशीस पीळ दिला. फत्ते! एवढ्यावर थांबते तर ही बखर येथेच संपती. परंतु विजयी माणसास आपला विजय पुनः पाहण्याची हाव असते; मोटार धुतली की एक चक्कर मारावीशी वाटते, त्यातला प्रकार. त्यांनी म्हटले, एकदा बंद करून चालू करून पाहू, म्हणजे खात्री होईल. जयमालाबाई 'मामाजी, थांबा,' म्हणेपावेतो दहा वाजून दहा मिनिटांस त्यांनी रीस्टार्ट केला.

आणि दहा बत्तीसास पडदा उजळला. पूर्ण बावीस मिनिटे घेऊन उजळला. हवामानवाला पहिला आला आणि 'आज ऊन आहे' म्हणाला. मागोमाग गाणीवाला, लग्नपत्रिकावाला, छपाईचा कारभारी, धाकटे दोघे झाडूवाले, आणि मुदत संपलेला पहारेकरी छाती बडवीत. मेमरी शेकडा पंच्याण्णव.  उत्तमरावांचे तोंड उतरले, आणि त्यांनी सुनेकडे ऐसे पाहिले की, बाई, आता तूच सांग, आम्ही हरलो.

जयमालाबाईंनी खुर्चीचे पाठीवर हात ठेविले. आणि ती बोलली. "मामाजी, आपून त्यायले जा म्हनलं. येऊ नोका असं कोनाले म्हनलंच नाही. आपल्या घरी जाताना म्हनते ना, या परत. तसेच ते परत आले. येऊ नोका म्हनाचं पान येगळं हाय." आणि मग, इतके बोलून गेल्यावर, आणखी थोडे बोलणे सोपे जाहले असावे, ती म्हणाली, "मले हे काम पाह्यजे मामाजी. दोनदा हातचं गेलं. आता गेलं तं मी परत कधीच अर्ज करनार नाही. मले माहीत हाय माहं."

तानुबाईंनी उलथणे खाली ठेविले. उत्तमराव खुर्चीवरून उठले, उशी झटकली, आणि सुनेस म्हणाले, "बस इथं." ती बसेना. "बस म्हनलं ना. तू सांग, मी दाबतो." मग सासरे शेजारी तिवईवर बसले, सून खुर्चीवर बसली, आणि ऐशी फौजेची मांडणी फिरली. आता हजेरीपटाचे दुसरे पान उघडिले, त्याचे नाव स्टार्टअप. तेथे कोणकोणास सकाळी आपोआप येण्याची सनद आहे ते लिहिलेले, आणि एकेकापुढे ती सनद रद्द करण्याची सोय. जयमालाबाई बाण नेऊन नावावर ठेवीत आणि उत्तमराव माऊसची कळ दाबीत. पहिली कळ दाबताना त्यांस घाम फुटला. आयुष्यात कोणास येऊ नका म्हटले नव्हते. दुसऱ्यास कमी फुटला. पाचव्यापासून ते आपण होऊन 'याले काऊन ठेवलं अजून?' म्हणो लागले.

शेवटी एक नाव उरले. जयमालाबाईंनी त्यावरून बाण मुकाट खाली नेला. उत्तमरावांचे ध्यानात आले की, हा आपला पत्रिकेचा प्रोग्राम, ज्यावर आपला सारा लौकिक, आणि सुनेने सासऱ्याची भीड धरिली.

"याले काऊन सोडलं?"

"मामाजी, ते तुमचं रोजचं हाय."

"माहं हाय म्हनून काय झालं? मरून तं नाही राह्यला ना थो? हाक मारली का येईल. बिनहाकेचं येनं बंद." आणि त्यांनी स्वहस्ते कळ दाबिली. येथे आम्हांस लिहिणे प्राप्त आहे की, दाबताना त्यांनी डोळे मिटले होते.

इतक्यात दैव फिरले. पंच्याण्णव टक्के पंगत उठविता उठविता संगणक दमला आणि पुरता थिजला. बाण हलेना, घड्याळ हलेना, पहारेकऱ्याचा आक्रोशही अर्ध्यात अडकला. वेळ दहा वाजून एकोणपन्नास मिनिटे. आता मार्ग एकच, जबरीने बंद करून पुनः उठवावा. सनदा रद्द जाहल्या असतील तर चटकन उठेल. नसतील तर बावीस मिनिटे, म्हणजे अकरा वाजून अकरा, आणि दरवाजा बंद होणार अकरा वाजून दहास. एका मिनिटाने राज्य जाणार. उत्तमराव म्हणाले, "माही हिंमत होत नाही." तानुबाई देवघराकडे पाहो लागल्या. जयमालाबाईंनी हात पुढे केला, डब्यावरचे बटन दाबून धरिले, पाच मोजले, आणि सोडिले. पडदा काळा जाहला. तिणे पुनः बटन दाबिले.

 चुलीवरली डाळ करपली ती कोणास कळली नाही. उत्तमरावांनी घड्याळाकडे पाहावयाचे नाही ऐसे ठरविले आणि दर पळास पाहिले. एक मिनिट गेले. दोन गेली. आणि दहा वाजून बावन्न मिनिटांस पडदा उजळला, लख्ख, निवांत, धुतलेल्या अंगणासारखा. कोपऱ्यातून कोणी ऊन आहे म्हणाला नाही. कोणी छाती बडविली नाही. मेमरी शेकडा चौतीस. तानुबाईंनी सुनेचे तोंडावरून हात फिरवून बोटे मोडिली, आणि उत्तमराव एकदम उठोन बाहेर निघोन गेले, डोळ्यांत काही गेले म्हणाले.

अकरा वाजता नमुन्याचा तास सुरू जाहला. मधल्या खोलीचे दार लावून घेतले आणि उत्तमराव बाहेर ओट्यावर पहाऱ्यास बसले. अकरा वाजून पाच मिनिटांस फाटकाशी उकंडराव प्रगटले. हे उत्तमरावांचे जुने स्नेही; रोज येतात, दोन चहा घेतात, आणि आवाज ऐसा की गल्लीच्या टोकास म्हशी माना वर करितात. हाती पुतणीची पत्रिका. "काय उत्तमराव, आहा का घरात? हे जरा मांडून पाहा बरं!" म्हणोन त्यांनी ओसरीची पायरी चढण्यास पाय उचलिला. आणि येथे ती गोष्ट घडली जिची आवई आपणांस पोहोचली. उत्तमराव उठले, पायरीवर आडवे उभे राहिले, आणि म्हणाले, "उकंडराव, आता नाही."

उकंडरावांस वाटले ऐकण्यात चूक जाहली. "काय म्हनता?"

"आत नका येऊ. चहाबी नाही. सूनबाईचा तास सुरू हाय."

"हाकलून राह्यले का मले?" उकंडरावांचा पाय अजून हवेत होता. "चाळीस वर्सात पयल्यांदा!"

"हाव," उत्तमराव म्हणाले. "वाटल्यास इथं ओट्यावर बसा. पन गुमान."

उकंडराव रागाने निघोनच जाते, परंतु तेवढ्यात बंद दाराआडून एक आवाज आला. खणखणीत, भरदार, शेवटल्या बाकापावेतो जाणारा. "हात खाली. आधी ऐका, मग बोला." आत तिघे परीक्षक सहावीची पोरे बनून मुद्दाम खोड्या काढीत होते, आणि तो आवाज त्यांस सरळ करीत होता. "उणे तीन. त्यातून उणे पाच काढले. उरले किती?"

उकंडराव ओट्यावर बसले. दोघे वृद्ध बोटे मोजू लागले. "आठ," उत्तमराव पुटपुटले. "उने आठ," उकंडराव ठामपणे म्हणाले.

"उणे आठ म्हणणाऱ्यांनी हात वर करा," आतून हुकूम आला, आणि उकंडरावांनी हात वर केला. "चूक. रागावत नाही, पण चूक. असं बघा. वर्गात तीन खुर्च्या कमी पडत होत्या, म्हणजे उणे तीन. आणि पाच जण उगाचच खुर्च्या अडवून बसले होते. ते पाच जण उठून गेले. आता खुर्च्या कमी की जास्त?"

"जास्त! दोन जास्त!" उकंडराव ओरडले, आणि उत्तमरावांनी झडप घालून त्यांचे तोंड दाबिले. परंतु आतली बाई थांबली नाही, अडखळली नाही. ती पुढल्या उदाहरणाकडे गेली आणि तिचा आवाज ओसरी ओलांडून, अंगण ओलांडून गल्लीत पोहोचला. उकंडरावांनी तोंडावरला हात बाजूस केला आणि आता आपणही हळू आवाजात पुसिले, "कोन बोलून राह्यलं हे?"

"माही सून होय," उत्तमराव म्हणाले. ते सहा वर्षांत आज प्रथम तिचे बोलणे एका खेपेस ऐकत होते, आणि पुनः काही पुसण्याची गरज पडत नव्हती. मग दोघेही तास संपेतो तेथेच बसले, चहावाचून.

तिसरे दिवशी शाळेचे पत्र आले की, सौभाग्यवती जयमाला यांस सहावी सातवीचे गणिताकरिता नेमिले, रोज दुपारी चार ते सात. येणेंप्रमाणे गनीम अडतीस, पैकी चौतिसांच्या सनदा रद्द, थोरला झाडूवाला देशोधडीस, तीन अंमलदार आपले जागी कायम; आपले बाजूस नुकसान डाळ एक पातेले. बखरनवीसाने, म्हणजे या लेखनसेवकाने, शेवटी शिरस्त्याप्रमाणे लिहिले की, या मोहिमेत राजेश्री उत्तमराव यांची फत्ते जाहली, आणि कागद वाचोन दाखविला. उत्तमरावांनी चष्मा लाविला, कागद हाती घेतला, आपले नाव स्वहस्ते खोडिले आणि वर जयमाला ऐसे लिहिले. मग थोडे थांबून, पुढे बाई लावावे की नाही याचा विचार केला, आणि मॅडम लिहिले. तरी फत्ते जयमाला मॅडम यांची जाहली. खाडाखोड खुद्द सासऱ्यांचे हातची, ती मंजूर समजावी.